वाचकांचे प्रश्न : गाण्यांचं मूळ घर एकच असू द्या

प्रश्न : ताई, नमस्कार. मी निवृत्त शिक्षक, वय 69, राहणार मानेवाडा, नागपूर. माझ्या संगणकात जवळपास 3,800 गाणी आहेत. बरीचशी सीडीवरून घेतलेली, काही आईच्या भजनी मंडळाच्या कॅसेटवरून गेल्या वर्षी उतरवून आणलेली. मोठ्या हौसेने मी त्यांच्या 14 प्लेलिस्ट केल्या : सकाळची, नाट्यगीतांची, हिच्या आवडीची, आईच्या भजनांची. मग गाण्यांचं फोल्डर आणि प्लेलिस्ट दोन्ही फोनमध्ये कॉपी केलं. गाणी आली. प्लेलिस्टची नावंही दिसून राहिली, पण आत एकही गाणं नाही. हिच्या टॅबमध्ये तर नावंही नाहीत. मुलाने फोन आणि संगणक आपोआप जुळवणारं एक ॲप टाकून दिलं, तर मी फोनमधून काढलेली 40 गाणी संगणकातूनही गेली. आता हात लावायचीच भीती वाटते. सगळीकडे एकच संग्रह कसा ठेवायचा?

उत्तर : काका, आधी ते ॲप दोन्हीकडे बंद करा. बाकीचं नंतर वाचा. मग संगणकाचं रीसायकल बिन उघडून बघा आणि मुलाला विचारा की ॲपमध्ये काढलेल्या फाइल काही दिवस सांभाळून ठेवायची सोय आहे का. बऱ्याच ॲपमध्ये असते. तिथे तुमची 40 गाणी सापडण्याची आशा आहे. तोपर्यंत त्या संगणकात नवीन काही भरू नका. आणि आईच्या भजनांच्या कॅसेट, उतरवून झाल्या म्हणून, कुणाला देऊन टाकल्या नसतील तर अजिबात देऊ नका.

एवढ्या घाईने हे सांगते आहे, कारण हे माझ्यासोबत झालं आहे. जुन्या कॅसेट आणि स्पूल संगणकात उतरवून देण्याचं काम मी धरमपेठेतल्या घरातून 17 वर्षं करते आहे. माझ्या आजीने हिंगणघाटजवळच्या गावी जात्यावर म्हटलेल्या ओव्यांची एक कॅसेट घरात होती, ती मी सगळ्यात आधी उतरवली होती. ओवी संपली की आजी श्वासाला थांबायची, आणि तेवढ्यात फक्त जात्याची घरघर ऐकू यायची. 2018 च्या मे महिन्यात भाची सुट्टीत आली, तिने माझ्या फोनमध्ये फोटोंसाठी जागा करायला म्हणून एक फोल्डर काढून टाकलं. फोन आणि संगणक दोन्ही बाजूंनी जोडलेले होते. फोनमधून गेलं ते संगणकातूनही गेलं, आणि मला कळलं तीन आठवड्यांनी. कॅसेट काढून बघितली तर फितीला बुरशी लागून ती चिकटलेली. शेवटी मामेभावाच्या एका पेन ड्राइव्हवर प्रत सापडली, 128 केबीपीएसची एमपी3, म्हणजे जागा वाचवायला आवाजाचे बारकावे गाळून लहान केलेली फाइल (केबीपीएसचा आकडा जितका लहान, तितकं जास्त गाळलेलं). आजीचा आवाज मिळाला. जात्याची घरघर मात्र त्यात पातळ झाली आहे, आणि ती आता कधीच परत यायची नाही.

पोरीची काही चूक नव्हती. चूक मांडणीची होती, आणि तुमच्याकडेही तेच झालं आहे. दोन यंत्रं दोन्ही बाजूंनी जोडली की दोघंही मालक होतात. एकाने काढलं की दुसरा इमानदारीने काढतो. म्हणून संग्रहाला मूळ घर एकच हवं. तुमच्या बाबतीत ते संगणक. फोन, टॅब, गाडी इथे फक्त प्रती जातील. नवीन गाणं आलं तर ते आधी संगणकात, नको असलेलं काढायचं तेही संगणकातून. फोनमध्ये काही करायचंच नाही, फक्त ऐकायचं.

आता रिकाम्या प्लेलिस्टचं. प्लेलिस्टमध्ये गाणी नसतात, काका, पत्ते असतात. तुमची ‘सकाळची’ ही एम3यू प्रकारची फाइल असेल, तर ती नोटपॅडमध्ये उघडून बघा. साधा मजकूर दिसेल, दर गाण्याला एक ओळ : डी ड्राइव्ह, त्यात ‘संगीत’ फोल्डर, त्यात ‘भजन’ फोल्डर, त्यात अमुक फाइल. आता हा कागद फोनच्या हातात दिलात. फोनमध्ये डी ड्राइव्ह नावाची जागाच नाही. पोस्टमन गल्लीत आला, पण त्या नंबरचं घरच नाही, तसं झालं. गाणी शेजारीच पडलेली आहेत, फक्त पत्ता चुकला आहे.

उपाय असा की पूर्ण पत्ता न लिहिता ‘इथून पुढे’ एवढाच लिहायचा. सगळ्या प्लेलिस्ट ‘संगीत’ फोल्डरच्या आतच ठेवा. मग ओळीत फक्त ‘भजन’ फोल्डर आणि फाइलचं नाव एवढं राहिलं तरी पुरतं, कारण संगणक असो की फोन, प्लेलिस्टच्या शेजारी ‘भजन’ फोल्डर असतंच. बऱ्याच प्लेअरमध्ये प्लेलिस्ट बाहेर काढताना ‘रिलेटिव्ह पाथ’ असा पर्याय येतो, तो निवडायचा. तुमच्या प्लेअरमध्ये नसेल तर नोटपॅडमधलं ‘रिप्लेस’ वापरा : डी ड्राइव्हपासून ‘संगीत’पर्यंतचा सारखा भाग सगळीकडून एका फटक्यात काढून टाका. मग उलटी तिरपी रेघ बदलून सुलटी करा. विंडोजमध्ये फोल्डरांच्या मधली रेघ एका दिशेने झुकते, अँड्रॉइडमध्ये दुसऱ्या, आणि नेमकी हीच गोष्ट कुणी सांगत नाही. फाइल जतन करताना ‘यूटीएफ-8’ निवडा आणि नावाच्या शेवटी एम3यू8 ठेवा, नाहीतर देवनागरी नावांच्या जागी प्रश्नचिन्हं येतात. 14 प्लेलिस्टला तासभर लागेल. आधी एकच करा, फोनमध्ये वाजवून बघा, मग बाकीच्या. टॅबमध्ये नावंही दिसत नाहीत, म्हणजे तिथला प्लेअर बहुतेक एम3यू वाचतच नाही. तिथे व्हीएलसी नावाचा प्लेअर टाका, ते फुकट आहे आणि एम3यू वाचतं.

एक अडचण तुम्हाला पुढे येईल, ती आत्ताच सांगते. आईची भजनं मूळ घरात फ्लॅक प्रकारात ठेवा, कारण त्यात आवाजाचा कण हरवत नाही. 60 मिनिटांची कॅसेट सीडीच्या दर्जाने नुसती उतरवली तर साधारण 600 एमबी होते, फ्लॅकमध्ये त्याच्या निम्म्याच्या आसपास. हीच कॅसेट 320 केबीपीएस एमपी3 मध्ये 144 एमबी. फोनसाठी एमपी3 पुरेशी आहे. पण फ्लॅकची एमपी3 केली की फाइलच्या नावाची शेपटी बदलते, म्हणजे पत्ता पुन्हा बदलला आणि प्लेलिस्ट पुन्हा रिकामी! म्हणून संगणकातच दोन फोल्डर करा. एक ‘मूळ’, त्याला वर्षातून दोनदाच हात लावायचा. दुसरं ‘फोनसाठी’, त्यात सगळ्याची एमपी3, आणि प्लेलिस्ट या दुसऱ्यातच बनवायच्या. 3,800 गाणी सरासरी पाच मिनिटांची धरली तर हे दुसरं फोल्डर 46 जीबीच्या आत बसतं. 128 जीबीच्या फोनमध्ये आरामात मावतं.

फोनमध्ये पाठवायला केबल लावून कॉपी केलं तरी चालतं, आणि महिन्यातून एकदाच करायचं असेल तर मी तेच सुचवेन. आपोआप हवं असेल तर सिंकथिंग हा फुकट, मुक्त प्रोग्राम आहे. तो घरच्या वायफायवर थेट एका यंत्रातून दुसऱ्यात पाठवतो, गाणी कुठल्या कंपनीच्या सर्व्हरवर साठवली जात नाहीत. त्याचं मूळ अँड्रॉइड ॲप 2024 च्या अखेरीस बंद झालं, त्याऐवजी त्याच्यावरूनच पुढे बनवलेलं सिंकथिंग-फोर्क हे ॲप वापरतात. मुलाला एवढंच सांगा : संगणकावर फोल्डर ‘सेंड ओन्ली’ करायचं आणि फोन-टॅबवर ‘रिसीव्ह ओन्ली’. मग तुमच्या हातून फोनमध्ये काही उडालं तरी ते वर संगणकापर्यंत चढत नाही. नातवंडं घरी येणार असतील तर ही सेटिंग आधी तपासा.

सगळं जुळल्यावर फोनमध्ये गायकांची यादी उघडाल, तेव्हा वसंतराव देशपांडे तुम्हाला तीन-चार वेळा दिसतील. सिव्हिल लाइन्समधल्या सभागृहाला ज्यांचं नाव आहे तेच वसंतराव, पण एका सीडीवर ‘डॉ.’ लावलेलं, दुसऱ्यावर ‘पं.’, तिसरीकडे रोमन लिपीत, चौथीकडे रोमनमध्येच पण वेगळ्या स्पेलिंगने. यंत्राला ती चार माणसं वाटतात. एमपी3टॅग नावाच्या फुकट प्रोग्राममध्ये चारही गठ्ठे निवडून गायकाचं नाव एकदाच टाका. मी देवनागरीत, पदवी न लावता लिहिते. हे काम कंटाळवाणं आहे, पण रोज रात्री जेवण झाल्यावर एक गायक घेतला तर पावसाळ्यापर्यंत होतं. आईच्या मंडळाच्या गाण्यांना मात्र मनापासून वेळ द्या. खंजिरी कुणाची, पेटी कुणाची, कोणत्या घरी झालेलं भजन आहे, हे तुम्हाला आठवतं आहे तोवर त्याच प्रोग्राममधल्या ‘कॉमेंट’च्या रकान्यात लिहून ठेवा. ही माहिती कुठल्या सर्व्हरवर मिळणार नाही, ती तुमच्याजवळच आहे.

शेवटचं : जुळवणं म्हणजे जपणं नव्हे. चूकही तितक्याच वेगाने सगळीकडे जुळते. ‘मूळ’ फोल्डरची एक प्रत वेगळ्या हार्ड डिस्कवर घ्या, ती एरवी काढून कपाटात ठेवा. आणखी एक प्रत घराबाहेर, मुलाकडे किंवा बहिणीकडे. माझी अमरावतीला मावशीकडे असते, दिवाळीला जाते तेव्हा बदलून आणते.

प्रश्न : गाडीतल्या स्टीरिओला पेन ड्राइव्ह लावला तर गाणी भलत्याच क्रमाने वाजतात, काही नावांच्या जागी चौकोन दिसतात. 64 जीबीचा नवीन ड्राइव्ह तर ओळखतच नाही. (वाचक, प्रतापनगर)

उत्तर : ड्राइव्हवर फाइल मांडून ठेवायच्या वेगवेगळ्या पद्धती असतात, नवीन ड्राइव्ह बहुतेक एक्सफॅट प्रकारात आला असेल. जुने स्टीरिओ फॅट32 च वाचतात. 32 जीबीचा घ्या आणि विंडोजमध्ये फॅट32 फॉरमॅट करा. क्रमाचं म्हणाल तर असे अनेक स्टीरिओ नावाप्रमाणे नाही, फाइल ज्या क्रमाने ड्राइव्हवर लिहिल्या गेल्या त्या क्रमाने वाजवतात. म्हणून फाइलच्या नावाआधी 01, 02 असे आकडे घाला, ड्राइव्ह पूर्ण रिकामा करा आणि एकेक फोल्डर क्रमाने कॉपी करा. मध्येच दोन गाणी घुसवाल तर ती शेवटीच जातील. चौकोन येतात ते स्टीरिओत देवनागरी अक्षरं नसल्यामुळे. गाडीच्या प्रतीपुरती फाइलची नावं रोमनमध्ये ठेवा. आणि ड्राइव्ह मे महिन्यात गाडीत विसरू नका. आपल्याकडच्या उन्हात बंद गाडी भट्टी होते. त्यातली प्रत ही कधीच तुमची एकमेव प्रत नसावी.

प्रश्न : मी एका स्ट्रीमिंग ॲपवर सहा वर्षांत 300 गाण्यांची यादी केली. आता घरातले सगळे दुसऱ्या ॲपवर गेले. यादी नेता येते का? आणि डाउनलोड केलेली गाणी? (वाचक, सदर)

उत्तर : यादी नेता येते. साउंडिझ, ट्यूनमायम्युझिक अशा सेवा एका ॲपमधली यादी वाचून दुसऱ्यात गाण्याच्या आणि गायकाच्या नावावरून शोधून लावतात. हिंदी चित्रपटगीतांचं बरंच जुळतं. नाट्यगीतांचं फसतं, कारण एकच पद पाच जणांनी गायलेलं असतं आणि यंत्र त्यातलं कुठलंही उचलतं. म्हणून नेल्यावर यादी बसून ऐका, नुसती बघू नका. जुनी वर्गणी त्याआधी बंद करू नका, ताडून बघायला ती लागेल.

डाउनलोड केलेली गाणी मात्र येत नाहीत. ती फाइल म्हणून तुमची नसतात, त्या ॲपच्या कुलपात असतात. स्पॉटिफायवर तर डाउनलोड टिकवायला 30 दिवसांत एकदा तरी इंटरनेटला जोडावं लागतं. समृद्धी महामार्गाने जाताना मला ती उपयोगी पडतात, मध्ये नेटवर्क गेलं तरी वाजत राहतात, तेवढाच त्यांचा उपयोग. ज्या गाण्यांवाचून तुम्हाला करमत नाही अशी 30-40 वेगळी काढा आणि त्यांच्या सीडी किंवा विकत मिळणाऱ्या फाइल घ्या. बाकी 300 ची यादी आज संध्याकाळी एका एक्सेलमध्ये उतरवून ठेवा : गाणं, गायक, चित्रपट किंवा नाटक. गायकाचा रकाना रिकामा ठेवू नका.