काकूंची जुनी सिंगर

प्रश्न : शेजारच्या काकू त्यांची काळी सिंगर पायमशीन साडेतीन हजारांना देताहेत. घ्यावी का?

उत्तर : आधी आतली बॉबिन, म्हणजे खालच्या दोऱ्याची छोटी रीळ, बघा. गोल असेल तर निर्धास्त व्हा, तशा आजही सहज मिळतात. बॉबिन बसवायचं होडीच्या आकाराचं लांबट शटल असेल तर ते शाबूत आहे ना, हे पाहा. हरवलं तर बाजार पालथा घालाल. चाक जड फिरलं म्हणून बिचकू नका, बहुधा तेल सुकून चिकटलेलं असतं. पण सुईखालचे दाते गंजून झिजले असतील तर नाद सोडा. घरून दुहेरी सुती कापड नेऊन स्वतः टीप मारा. ही सरळ शिलाईच करते. पिको जमणार नाही. चामडी पट्टा तुटला असेल तर किरकोळ खर्च, तरी घासाघीस करताना त्याचा उल्लेख कराच!