‘लेका’, ‘स्पेला’ आणि आपली फुगडी

प्रश्न असा आहे : स्वीडिशमध्ये ‘खेळणे’साठी ‘लेका’ आणि ‘स्पेला’ असे दोन शब्द का? आणि प्रेमाला ‘शॅर्लेक’ म्हणतात, त्यातल्या ‘लेक’चा अर्थ खेळ असाच घ्यायचा का?

फरक आधी सांगतो, तो सोपा आहे. मुलं लपंडाव, पकडापकडी, भातुकली खेळतात ते ‘लेका’. बुद्धिबळ, पत्ते, फुटबॉल, म्हणजे नियम आणि हारजीत आली की ‘स्पेला’. व्हायोलिन वाजवणं आणि नाटकात भूमिका करणं हेही ‘स्पेला’च. डॅनिशमध्येही साधारण अशीच वाटणी आहे. बिलुंड गावच्या ओले किर्क क्रिस्तियानसेन या सुताराने 1934 साली आपल्या लाकडी खेळण्यांना ‘लेगो’ नाव दिलं, ते ‘लेग गॉट’ म्हणजे ‘छान खेळ’ या दोन शब्दांवरून. त्यातला ‘लेग’ म्हणजे स्वीडिश ‘लेक’चा सख्खा भाऊ.

दोघांपैकी ‘लेका’ घरचा, ‘स्पेला’ पाहुणा. मध्ययुगात उत्तर जर्मनीचे व्यापारी बाल्टिकच्या किनाऱ्यावर सगळीकडे पसरले होते. त्यांच्या बोलीतून स्वीडिशने जे असंख्य शब्द उचलले, त्यांत हा एक. जर्मन ‘श्पीलन’ आणि डच ‘स्पेलन’ त्याच घरातले. पाहुण्याने वाद्यं, पत्ते, रंगमंच ताब्यात घेतले आणि घरच्याकडे पोरांचं अंगण उरलं.

पण हे अंगण मूळचं केवढं मोठं होतं! चौथ्या शतकात वुल्फिला या बिशपने बायबल गॉथिक भाषेत आणलं; ही स्वीडिश-जर्मनच्याच कुळातली, आता लोपलेली भाषा. त्याची सर्वांत प्रसिद्ध हस्तलिखित प्रत, जांभळ्या चर्मपत्रावर चांदीच्या शाईने लिहिलेली, आज स्वीडनमध्येच, उप्सालाला आहे. त्यात उधळ्या मुलाच्या गोष्टीत थोरला भाऊ शेतावरून परततो आणि त्याला घरातून गाण्याचा-नाचाचा आवाज येतो. तिथे नाचासाठी शब्द आहे ‘लाइक्स’, म्हणजे आपला हाच ‘लेक’. त्याचंच क्रियापद ‘लाइकन’. त्याच बायबलमध्ये मारियेची नातलग एलिझाबेथ हिच्या पोटातलं बाळ आनंदाने उसळी मारतं, तिथे ते आलं आहे. म्हणजे या शब्दात आधी आहे ती अंगाची उसळी. खेळ त्यातून पुढे निघाला. वैदिक ‘रेजते’ (थरथरतो, कापतो) हे रूपही याच धातूशी जोडतात. मरुतांच्या धावण्याने पृथ्वी भयाने ‘रेजते’ असं ऋग्वेदात आहे.

मराठी माणसाला हे जड जाऊ नये. आपण फुगडी ‘खेळतो’, लेझीम ‘खेळतो’, मंगळागौर ‘खेळतो’. कोणी फुगडी ‘नाचतो’ म्हणालं तर कानाला खटकतं. दांडपट्टाही आपण ‘खेळतो’. जुन्या इंग्रजीत ‘लेक’चं रूप ‘लाक’, आणि लढाईला तिथल्या कवितेत ‘युद्ध-लाक’ अशा धाटणीचे सामासिक शब्द येतात. रत्नागिरीकडे शिमग्यात गावोगाव फिरतात ते ‘खेळे’. आइसलँडमध्ये नटाला आजही ‘लेइकारी’ म्हणतात, नाट्यगृहाला ‘लेइकहूस’ आणि बालवाडीला ‘लेइकस्कोली’. तिथे घरच्या शब्दाने रंगमंच सोडला नाही, याचा मला मनापासून आनंद होतो. नाच, शस्त्र, सोंग हे सगळं एकाच क्रियापदात मावतं हे ज्याच्या भाषेत रोज घडतं, त्याने ‘लेका’ समजून घ्यायला इंग्रजी ‘प्ले’च्या वाटेने जाऊच नये. ‘प्ले’ची कुळी वेगळी आहे. त्याचा जर्मन नातेवाईक ‘फ्लेगन’, म्हणजे शुश्रूषा करणे.

इंग्रजीत हा जुना ‘लाक’ अगदीच मेला असंही नाही. यॉर्कशरच्या बोलीत ‘लेक’ म्हणजे खेळणे, आणि काम बंद असताना घरी बसून राहणे हेसुद्धा. तिथे हे रूप व्हायकिंग वस्तीतून आलं. दुसरीकडे पक्षिशास्त्रज्ञांनी तो थेट स्वीडिशमधून घेतला : विणीच्या काळात नर एका ठरावीक जागी जमून माद्यांपुढे नाचतात, त्या जागेला आणि त्या मेळ्याला जगभर ‘लेक’ म्हणतात. आपल्या माळढोकाच्या नरांबद्दल लिहितानाही तो शब्द येतो, फक्त ते एकमेकांपासून दूरदूर उभे राहतात. (आपल्या लेकीशी याचं नातं नाही, नुसतं ध्वनिसाम्य.)

आता ‘शॅर्लेक’. ‘शॅर’ म्हणजे प्रिय. म्हणून ‘प्रियाचा खेळ’ असा अर्थ लावायचा मोह होतो, आणि तो लावून छान वाक्यंही लिहिता येतात. पण इथला ‘लेक’ हा प्रत्यय आहे, आपल्या ‘-पणा’सारखा. ‘स्टूर्लेक’ म्हणजे आकारमान, शब्दशः मोठेपणा. त्यात कोणी खेळत नाही. आइसलँडिकमध्ये सत्यालाही याच प्रत्ययाचा शब्द आहे, ‘सान्लेइकुर’, म्हणजे खरेपणा. प्रत्ययाचा उगम त्याच जुन्या शब्दात, पण झिजता झिजता त्यातली उसळी गेली आणि नुसता भाव राहिला. इंग्रजीतही असंच झालं. जुन्या इंग्रजीत ‘-लाक’ लावून क्रियावाचक नामं होत, त्यांतलं आज एकच वापरात उरलं आहे : ‘वेडलॉक’, विवाहबंधन. त्यातला ‘वेड’ म्हणजे वचन. आणि ‘लॉक’ म्हणजे कुलूप नव्हे, हाच ‘लाक’.