पावसात बरी होणारी धाप

प्रिय पोरी,

परवा फोनवर बोलताना तू दोनदा मध्येच थांबलीस. विचारलं तर म्हणालीस, "काही नाही काकी, कोळंबी सोलायच्या शेडमधला गारठा."

मग मला सांग, आषाढीला घरी आलेलीस तेव्हा देवळाच्या पायऱ्या एका दमात कशा चढलीस? आपल्याकडे दमेकऱ्यांचे पावसात हाल होतात, ओल नि बुरशीने. तुझं उलटं चाललंय. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, होड्या किनाऱ्याला, कोळंबी येत नाही, शेड ओस. आणि नेमका त्याच ६१ दिवसांत तुझा खोकला पळतो. गारठ्याचं असतं तर पावसात वाढलं नसतं का?

मीही रत्नागिरीत दहा वर्षं कोळंबी सोलली. आधी नाक गळायचं, डोळे खाजायचे. मग रात्री दोनला छातीत शिट्टी वाजायला लागली. दिवसा शेडमध्ये ठीक, त्रास रात्री, म्हणून कामावर संशय गेलाच नाही. खोकल्याच्या बाटल्या रिकाम्या करत राहिले.

"लहानपणापासून कोळंबी खाते, मला कसली ॲलर्जी?" हे माझंही वाक्य होतं. पण पोटात जाणं वेगळं, श्वासातून जाणं वेगळं. कोळंबीत ट्रोपोमायोसिन नावाचं प्रथिन असतं. उकळत्या टोपाची वाफ, पाइपचा जोराचा फवारा, यांतल्या बारीक थेंबांबरोबर ते छातीत उतरतं. शरीर महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षं निमूट सोसतं. एकदा बिनसलं की मग जराशा वाफेनेही भडकतं. शिवाय कोळंबी काळी पडू नये म्हणून मेटाबायसल्फाइटची पावडर पाण्यात टाकतात, तिचा झोंबणारा वायू वेगळाच. ती ओतताना बादलीवर वाकू नकोस. आणि नाकाला ओढणी गुंडाळून भागत नाही गो, कापडातून हे सगळं आरपार जातं.

डॉक्टरांना नुसतं "धाप लागते" सांगू नकोस. कुठे उभी राहतेस, काय सोलतेस, कुठल्या महिन्यांत बरं वाटतं, सगळं सांग. पीक फ्लो मीटर घे. श्वास किती जोरात सुटतो ते मोजणारी, फुंकायची साधी प्लास्टिकची नळी असते. दिवसातून चार वेळा, प्रत्येक वेळी तीनदा फुंकायचं आणि मोठा आकडा वहीत लिहायचा. चार आठवडे, सुट्टीचे दिवस धरून, म्हणजे कामाच्या नि सुट्टीच्या दिवसांतला फरक दिसेल. त्रास बेताचा असेल तर हे काम चालू असतानाच कर. नोकरी सोडून घरी बसल्यावर आकडे काय बोलणार? मात्र एक वाक्य पुरं करताना धाप लागली तर वही राहू दे, तडक दवाखाना गाठ. श्वासातून ओढायच्या औषधाचा पंप दिला तर घे. "एकदा लावला की सुटत नाही" म्हणणाऱ्या शेजारणी मलाही भेटल्या होत्या, त्यांच्या नादाने माझं एक वर्ष गेलं.

पंप घेऊन त्याच टोपाशी उभी राहणार असशील तर मात्र उपयोग नाही. सुपरवायझरकडे पॅकिंगला बदली माग. टोपांवर झाकणं, धुताना कमी दाबाचं पाणी, हेही बोलून बघ. चार जणी मिळून बोला. माझ्या सुपरवायझरने "नाजूक आहेस" म्हणून हसण्यावारी नेलं, आणि मी गप्प बसले. आजही घरात कोळंबी उकळते तेव्हा मी अंगणात जाऊन बसते.

पहिल्या आठवड्याची पानं भरली की फोटो पाठव. सुट्टीच्या दिवसाभोवती पेनाने गोल कर, म्हणजे मला शोधावं लागणार नाही.

तुझी,
काकी