माँट्रियलचं सुवर्ण तोलताना

प्रिय मित्रा,

जॉन वॉकरवरचा तुझा लेख वाचला. भाषा छान वाहते, पण 'वासरांत लंगडी गाय शहाणी' हे शीर्षक काही पटलं नाही. १९७६ च्या माँट्रियल ऑलिम्पिकमध्ये १५०० मीटरचं सुवर्ण त्याला मिळालं ते टांझानियाचा विश्वविक्रमवीर फिल्बर्ट बायी नव्हता म्हणून, हा तुझा मुद्दा. बायी नव्हता हे खरंच. न्यूझीलंडचा रग्बी संघ वर्णद्वेषी दक्षिण आफ्रिकेत खेळायला गेला, म्हणून वीसहून जास्त आफ्रिकी देशांनी बहिष्कार टाकला. वॉकर न्यूझीलंडचाच, त्यामुळे टीकाकारांच्या हाती आयतं कोलीत. पण रग्बीवाल्यांचा हिशेब धावपटूच्या खात्यावर मांडू नकोस.

तू सगळा भर वेळेवर दिलास: ३:३९.१७, म्हणजे विक्रमाहून सात सेकंद मंद. अरे, त्या शर्यतीत कुणी वेग घ्यायलाच तयार नव्हतं. आयर्लंडचा एमन कॉग्लन पुढे होता, तरी ८०० मीटर व्हायला २ मिनिटं ३ सेकंद लागले. अशा वेळी एकूण वेळ फार काही सांगत नाही, शेवटची फेरी बघायची. ३०० मीटर उरले असताना वॉकर सुटला आणि शेवटचे ४०० मीटर त्याने सुमारे ५३ सेकंदांत काढले. बेल्जियमचा इव्हो व्हॅन डॅम सेकंदाच्या दहाव्या हिश्श्याने मागे राहिला, आणि त्याने त्याच ऑलिम्पिकमध्ये ८०० चं रौप्यही घेतलं होतं. याला वासरू म्हणतोस?

आता बायी असता तर? तो घोळक्यात थांबणाऱ्यांतला नव्हे. १९७४ च्या ख्राइस्टचर्च राष्ट्रकुल स्पर्धेत तो पहिल्यापासून पुढे पळाला, ८०० मीटर १:५२ च्या सुमारास पार केले आणि ३:३२.२ चा विश्वविक्रम केला. दुसरा आलेला वॉकरही जुन्या विक्रमाच्या आत होता! माझ्या मते ते रौप्य, धाव म्हणून, माँट्रियलच्या सुवर्णाहून सरस. तुझ्या लेखात त्याचा उल्लेखच नाही. १९७५ च्या मे महिन्यात बायीने मैलाचा विक्रम ३:५१ वर आणला, ऑगस्टमध्ये वॉकरने तो ३:४९.४ वर नेला. मैल ३:५० च्या आत धावलेला तो पहिलाच. माँट्रियलच्या महिनाभर आधी २००० मीटरचा विक्रमही त्याने केला. माँट्रियलला त्याचा सुसाट शेवट दिसला. सुरुवातीपासून कुणी दमवलं तर तो टिकतो का, ही परीक्षा तिथे झाली नाही. ती ख्राइस्टचर्चला झाली होती. तेवढं लिही, त्यापलीकडे जाऊ नकोस.

त्याच बहिष्काराचा दुसरा नमुना ८०० मीटरमध्ये आहे. केनियाचा माइक बॉइट नव्हता, तरी क्यूबाच्या अल्बेर्तो हुआनतोरेनाने १:४३.५० चा विश्वविक्रम केला. पुढच्या वर्षी डसेलडॉर्फच्या विश्वचषकात बॉइटलाही हरवलं, मग कुणाची तक्रार उरली नाही. त्या विक्रमाला आपल्या श्रीराम सिंगचा हातभार होता बरं का. पहिली फेरी त्यानेच ५०.८५ सेकंदांत ओढली. स्वतः सातवा आला, पण त्याची १:४५.७७ ही वेळ २०१८ पर्यंत भारतीय विक्रम म्हणून टिकली. १५०० ला असा एखादा श्रीराम असता, तर वॉकरचा खरा कस लागला असता.

तेव्हा शीर्षक बदल आणि ख्राइस्टचर्चचा परिच्छेद घाल. व्हॅन डॅमवर दोन ओळी हव्यातच: त्याच डिसेंबरमध्ये तो मोटार अपघातात गेला, अवघा बावीस वर्षांचा होता. ब्रसेल्सची मेमोरियल व्हॅन डॅम स्पर्धा त्याच्याच नावाने भरते. शब्द जास्त झाले तर पहिला परिच्छेद काप, तो तसाही फुगलाय.

तुझा,
जुना संपादक