जुन्या जीपच्या मागच्या डिफरन्शियलमध्ये ४.८८ चा रेशो टाकावा का? सोबत लॉकर (मागची दोन्ही चाकं एकत्र बांधणारा भाग) बसवावा का?

तुमची जीप ५.३८ रेशोची (म्हणजे शाफ्ट ५.३८ वेळा फिरला की चाक एकदा फिरतं), हायवेला ऐंशीवर इंजिन ओरडतंय आणि मागची क्राऊन-पिनियन (डिफरन्शियलमधली, इंजिनाची ताकद चाकांकडं वळवणारी दातेरी चाकांची जोडी) आवाज करायला लागलीय. जोडी नाहीतरी बदलायचीच आहे, तर माझं मत स्पष्ट आहे: ४.८८ जरूर टाका, लॉकर नको. आणि गाडी फोर बाय फोर असेल तर पुढच्या ॲक्सललाही तोच रेशो लागेल. पुढं ५.३८ आणि मागं ४.८८ ठेवून डांबरावर फोर-व्हील लावलीत तर ट्रान्स्फर केस (पुढच्या-मागच्या ॲक्सलला ताकद वाटणारी पेटी) पिळून निघेल. तेवढा खर्च आत्ता जमत नसेल तर मागं ५.३८ चीच नवी जोडी घाला.

५.३८ म्हणजे क्राऊनला ४३ दात, पिनियनला ८. ४.८८ म्हणजे ३९ ला ८. जुन्या ६.००-१६ टायरवर चाक एका फेऱ्यात साधारण सव्वादोन मीटर जातं. त्या हिशोबानं टॉप गिअरला ८० च्या वेगात इंजिन ३,२०० च्या आसपास फिरतं, ते २,९०० वर येईल. पुण्यापर्यंत जाताना हा फरक कानाला चांगला कळतो. पण सगळेच गिअर तेवढे उंच होतात. भरल्या गाडीनं गगनबावड्याहून करूळ घाट उतरताना दुसऱ्या गिअरमध्ये इंजिन जेवढं धरून ठेवतं, त्यातलं नऊ-दहा टक्के कमी होणार. म्हणून आधी ब्रेक ड्रम आणि लायनर बघून घ्या.

खोलण्याआधी आवाज नीट ऐका. ॲक्सिलरेटर दिल्यावर एक सूर आणि सोडल्यावर दुसरा येत असेल तर दोष बहुतेक दातांत किंवा पिनियनच्या बेअरिंगात. वळणावर आवाज बदलत असेल तर चाकाचं बेअरिंग तपासा, कदाचित तेवढ्यावरच भागेल.

आता खरं काम. कोल्हापूरच्या उद्यमनगरात लागेल ते बनवून मिळतं, याचा मला अभिमान आहे. तरी क्राऊन-पिनियन तिथं कातून घेऊ नका. हे वाकडे दात कापायला वेगळं मशीन लागतं, मग केस हार्डनिंग (दातांचा वरचा थर कडक करणं), मग दोन्ही एकमेकांवर लॅप करणं (घासून जुळवणं). म्हणूनच जोडी एकाच नंबरची घ्यायची, एक जुनं एक नवं कधीच नाही. उद्यमनगराचा उपयोग सेटिंगसाठी करा. मापात शिम (अंतर जुळवायच्या पातळ चकत्या) सरफेस ग्राइंडरवर घासून घ्या. जुन्या बेअरिंगच्या रिंगा आतून किंचित सैल करून घेतल्या की ट्रायल घेताना दर वेळी पुलर (बेअरिंग ओढून काढायचं हत्यार) लावावा लागत नाही. हीच कटकट टाळायला बरेच मेस्त्री 'अंदाजानं बसतंय' म्हणतात आणि चार महिन्यांत नवी जोडीही ओरडायला लागते. डायल गेज (बारीक हालचाल मोजणारं घड्याळ) लावणारा, दातांना रंग लावून ठसा बघणारा मेस्त्री शोधा. ठसा दाताच्या मध्यावर यायला हवा आणि बॅकलॅश (दातांमधली मोकळीक) डाना कंपनीच्या प्रकारच्या ॲक्सलला साधारण ०.१५ ते ०.२० मिमी. मजुरी जास्त मागितली तरी द्या, या कामात पैसे तिथंच वसूल होतात.

लॉकरचं म्हणाल तर आखूड गाडीची मागची दोन्ही चाकं एकत्र बांधली की ओल्या रस्त्यावर वळणात शेपूट बाहेर जातं, आणि आपल्याकडं पावसाळा कसला असतो ते तुम्हाला सांगायला नको. उसाच्या फडातून गाडी काढायची असेल तर पुढचा ॲक्सल आहे की. चांगले टायर घाला.

डिफरन्शियलमध्ये जीएल-५ दर्जाचं ९० नंबर ऑइल घाला. गिअरबॉक्सला मात्र जीएल-४, कारण काही जीएल-५ ऑइलं पितळी सिंक्रो (गिअर अलगद पडायला मदत करणाऱ्या रिंगा) खातात. पहिल्यांदा पंधरा-वीस किलोमीटर हळू चालवून गाडी थंड होऊ द्या, आणि पाचशे किलोमीटरनंतर ऑइल बदला. ब्रीदर (ॲक्सलवरची हवा सुटायची वाट) साफ करा, नाहीतर नवं सीलही गळेल. स्पीडोमीटरची केबल डिफरन्शियलच्या आधीच फिरते, त्यामुळे ४.८८ घातल्यावर काटा ६० दाखवेल तेव्हा तुम्ही ६६ वर असाल.