वय ३४, देवगडला आंब्याचा धंदा. बिलं, मेसेज लिहिताना अजून अक्षरं चुकतात. डिस्लेक्सिया असेल का?

असू शकतो. डिस्लेक्सिया म्हणजे वाचण्या-लिहिण्यातली मुळातली अडचण. नुसतं ऱ्हस्व-दीर्घ चुकत असेल तर बहुधा नाही. ते निम्म्या कोकणाचं चुकतं! पण वाचताना ओळ सुटणं, जोडाक्षरात अडकणं शाळेपासून असेल तर क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडून तपासून घ्या. बुद्धीशी याचा संबंध नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातही ही अडचण ‘विशिष्ट अध्ययन अक्षमता’ या नावाखाली धरली आहे.

यावर औषध नाही, सोयी करून घ्यायच्या. मेसेज फोनला मराठीत बोलून लिहा, मग फोनकडूनच वाचून घ्या. सुटलेला शब्द कानाला लगेच कळतो (वेलांटी पहिली की दुसरी हे मात्र नाही, ते सोडून द्या). गिऱ्हाइकांची नावं, पत्ते एकदा कुणाकडून तपासून साठवा आणि तिथूनच कॉपी करा. पेटीचे डझन, भाव मात्र पाठवण्याआधी मोठ्यानं वाचा. काहींचे आकडेही उलटेपालटे होतात.