पान वाळले, कंद जिवंत

प्रश्न : माझा भाचा कॅलिफोर्नियात माँटेरे येथे असतो. तेथील समुद्राजवळच्या रेताड टेकडीवर त्याला फेब्रुवारीत ‘यॅडनची आमरी’ (आमरी म्हणजे ऑर्किड) या दुर्मीळ रानफुलाची पाने दिसली; मे महिन्यात त्याच जागी काहीच नव्हते. हे झाड मेले असेल काय? त्याचा कंद आणून आमच्या धुऱ्यावर लावता येईल काय?
— एक कास्तकार, ता. धारणी, जि. अमरावती

उत्तर : झाड मेले असे एवढ्यावरून म्हणता येत नाही. ही जमिनीत वाढणारी बहुवर्षायू आमरी आहे. तिच्या मुलखात पाऊस हिवाळ्यात पडतो, त्यामुळे आपल्याकडे गहू-हरभरा उभा असतो त्या दिवसांत तिची दोन-तीन लांबट पाने जमिनीलगत पसरतात आणि उन्हाळा लागताच वाळून जातात. पाने गेल्यावर, साधारण जून ते ऑगस्टमध्ये, त्याच कंदातून सरळ दांडा निघतो व त्यावर हिरवी-पांढरी बारीक फुले दाटीने लागतात. भाच्याने जुलैत पुन्हा जाऊन पाहावे. मात्र एका वर्षी थोडीच झाडे फुलतात, आणि आलेले दांडेही हरणे-ससे खुडून नेतात. खुरटलेल्या मँझनिटा झुडपांच्या पसाऱ्यातून वर आलेला दांडा शोधणे सोपे असते, कारण उथळ मातीच्या त्या माथ्यांवर झुडूपच गुडघ्याच्या वर जात नाही.

लागवडीचा विचार मात्र सोडावा. समुद्री धुक्याने थंड राहणाऱ्या कोरड्या उन्हाळ्यात निजणारा हा कंद आपल्या वैशाखातील उन्हात भाजेल, आणि त्यातून वाचलाच तर मृगानंतर काळ्या जमिनीतील ओलीने सडेल. बियांवर भिस्त ठेवावी, तर आमरीचे बी धुळीसारखे बारीक. त्यात अन्नसाठा जवळपास नसतो आणि मातीतील ठरावीक बुरशीची साथ मिळाल्याशिवाय ते रुजत नाही. शिवाय घरे व गोल्फची मैदाने यांनी अधिवास घटल्यामुळे अमेरिकेने 1998 मध्ये या जातीला संकटग्रस्त ठरवले आहे, आणि रानातील आमरी परवान्याविना देशाबाहेर नेणे दुर्मीळ वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या साइट्स करारानुसार निषिद्ध आहे. हौस म्हणून आणलेला एक कंद म्हणजे तिकडचे एक झाड कायमचे कमी.

आपल्या मेळघाटातही जमिनीतील आमरी आहेत. त्यांपैकी हाबेनारियाच्या जाती पावसाच्या ओलीवर कंदातून फुटतात, पावसाळ्यातच फुलतात आणि पावसाळा सरल्यावर दिसेनाशा होतात. श्रावण-भाद्रपदात गवताळ उतारावर त्या जरूर पाहाव्यात. कंद तेथेही उकरू नयेत.